लिंक तुटते ती नेमकी कुठे?

वाचक विचारतात : पीएलसी, ड्राइव्ह, मीटर आणि त्यांच्यामधली वायर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच दुखण्याची होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक संगणक, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण. त्यांच्यातला संवाद तुटला की स्क्रीनवर ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ येतो, लाइन थांबते आणि मग कार्ड बदलायची घाई सुरू होते. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी १९९८ पासून पॅनेलचं काम करते. या काळात मी पाहिलेल्या अशा फॉल्टमध्ये कार्ड खरोखर गेलेलं असणं फार क्वचित निघालं. बहुतेक वेळा दोष वायरीत, एखाद्या स्विचमध्ये, पत्त्यात किंवा सेटिंगच्या एका आकड्यात होता.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. आमच्या सँड प्लँटच्या पीएलसीला आरएस-४८५ च्या (एकाच केबलवर अनेक उपकरणांना बोलू देणाऱ्या) एकाच लाइनवर ११ ड्राइव्ह आणि ६ एनर्जी मीटर जोडले आहेत. मॉडबस आरटीयू (उपकरणांची बोलायची भाषा), ९६०० बॉड (वेग, सेकंदाला इतके बिट). दिवाळीपासून दिवसातून पाच-सात वेळा कम्युनिकेशन फॉल्ट येतो आणि आपोआप जातो. पीएलसीवाले म्हणतात ड्राइव्ह बघा, ड्राइव्हवाले म्हणतात पीएलसी बघा. एक कार्ड बदलून झालं, फरक पडला नाही. आता साहेब सीपीयू बदलायचं म्हणताहेत. शिवाय मधूनच स्क्रीनवरचे आकडेही फार उशिरा बदलतात. काय करावं?

दादा, सीपीयूची ऑर्डर आज देऊ नका. तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला फोनवर चार प्रश्न विचारले होते. इतर वाचकांसाठी ते इथे देते, कारण निम्मं निदान तुमच्या उत्तरांतच झालं.

फॉल्ट एकाच ड्राइव्हचा येतो की सगळ्यांचा? तुम्ही म्हणालात, पॅनेलपासून लांबच्या सात-आठांचा. येतो तेव्हा प्लँटमध्ये काय चालू झालेलं असतं? मुलर, म्हणजे वाळू मळणारं यंत्र. दिवाळीच्या सुमारास काय बदललं? बकेट एलिव्हेटरचा ड्राइव्ह जळाला होता, म्हणून बंद पडलेल्या एका मशीनचा ड्राइव्ह काढून तिथे बसवला. आणि कम्युनिकेशनची केबल कुठून गेली आहे? मोटरच्या केबलच्याच ट्रेमधून, साधारण ४० मीटर.

म्हणजे लाइन पूर्वी चालत होती, एक बदल झाला आणि तेव्हापासून बिघडली. अशा वेळी मी पहिला हात त्या बदलावर ठेवते. म्हणून तुम्हाला सांगितलं की सगळ्या उपकरणांचा सप्लाय बंद करा, पॅनेलमधल्या टर्मिनलवर ४८५ च्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा आणि ओहम मोजा. तुम्ही मोजून कळवलंत : ३९.

या ३९ चा अर्थ नीट समजून घ्या. आरएस-४८५ च्या लाइनला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला १२० ओहमचा एक रेझिस्टर लागतो. त्याला आपण टर्मिनेशन म्हणतो. तो नसेल तर सिग्नल टोकाला जाऊन परत फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. १२० चे दोन रेझिस्टर समांतर आले की ६० ओहम होतात. केबलचा स्वतःचा रोध आणि उपकरणांच्या आतली सर्किटं धरून मीटरवर ५० ते ६५ दिसलं तर ठीक समजायचं. १२० च्या जवळपास दिसलं तर एकच टर्मिनेशन लागलेलं आहे किंवा मध्ये वायर तुटली आहे. ४० दिसलं तर कुठेतरी तिसरं लागलेलं आहे.

तुमचं तिसरं टर्मिनेशन त्या जुन्या ड्राइव्हमध्ये होतं. आधीच्या मशीनवर तो लाइनच्या टोकाला होता, म्हणून त्याच्या आतला छोटा डिप स्विच कुणीतरी ‘ऑन’ केलेला. तिथे ते बरोबरच होतं. तुमच्याकडे तो ड्राइव्ह लाइनच्या मध्यावर बसला आणि स्विच तसाच राहिला. वायरमनने पॅरामीटर भरले, अ‍ॅड्रेस बदलला, मोटर फिरवून बघितली. टर्मिनल कव्हरच्या आत, नखाएवढ्या जागेत असलेला स्विच बघायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा त्याच्यावर रागावू नका.

एवढ्याने काय बिघडतं? आरएस-४८५ च्या मानकात ड्रायव्हर चिपने ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक द्यावा, अशी अट आहे. भार ३९ ओहम झाला की तो फरक घटतो. घेणाऱ्याला ०.२ व्होल्ट पुरतात, म्हणून एरवी गाडी चालून जाते. मग मुलरचा ड्राइव्ह सुरू होतो. ड्राइव्हचं आउटपुट म्हणजे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं व्होल्टेज, आणि ते घेऊन जाणारी केबल तुमच्या सिग्नलच्या वायरीला ४० मीटर चिकटून चालली आहे. अशक्त सिग्नलवर तेवढा गोंगाट पडला की बाइट बिघडतात, सीआरसी (संदेशाच्या शेवटी जोडलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि पीएलसी तो संदेश टाकून देतो. म्हणूनच कार्ड बदलून फरक पडला नाही. नवं कार्डही त्याच वायरीवर बोलत होतं.

स्विच बंद केल्यावर ५७ ओहम आले आणि फॉल्ट आठवड्यातून एक-दोन वेळांवर आला, असं तुम्ही मागच्या गुरुवारी कळवलंत. मला फार बरं वाटलं. पण एक-दोन म्हणजे शून्य नव्हे. उरलेलं काम पुढच्या शटडाऊनमध्ये कराच. ४८५ ची केबल मोटरच्या ट्रेमधून काढून वेगळ्या पाइपमध्ये घाला, मध्ये निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि पॉवर केबलला ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. केबल ट्विस्टेड पेअर (पिळलेली जोडी) आणि शिल्डवालीच (धातूचं आवरण असलेली) हवी. शिल्डची अर्थिंग तुमच्यासारख्या लाइनवर एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला करा. प्रत्येक ड्राइव्हपाशी शिल्ड पुढच्या तुकड्याला जोडत न्या, म्हणजे ती मध्ये तुटणार नाही. केबल एका उपकरणात आत, तिथून बाहेर, मग पुढच्यात, अशीच गेली पाहिजे. एका जंक्शन बॉक्समधून पाच फाटे फोडलेले असतील तर टर्मिनेशन कितीही नीट लावा, त्रास जाणार नाही.

आणखी एक. दोन वायरींच्या जोडीला तिसरी, कॉमनची वायर सगळ्या उपकरणांना जोडलेली आहे का बघा. ‘४८५ ला दोनच वायर लागतात’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून जळालेली पोर्टंही पाहिली आहेत. घेणारी चिप आपल्या कॉमनच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सहन करते. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये यापेक्षा जास्त फरक पडला की आधी संवाद तुटतो आणि मग चिप जाते. शेड लांब-लांब असतील तर मध्ये आयसोलेटेड रिपीटर (सिग्नल पुढे नेणारा, पण दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) घाला.

ए आणि बी या अक्षरांवरही विसंबू नका. मानकात बी ही धन बाजू आहे, पण बऱ्याच कंपन्या ए ला धन म्हणतात. एकाच लाइनवर दोन कंपन्यांची उपकरणं असतील तर एखाद्याचा ए दुसऱ्याच्या बी ला जोडावा लागेल. नवं उपकरण अजिबात बोलत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर दोन वायरी अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

आता उशिरा बदलणाऱ्या आकड्यांचं. ९६०० बॉडला एक बाइट जायला साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात. दहा रजिस्टर (उपकरणातले आकड्यांचे कप्पे) वाचायचे तर ८ बाइटची विचारणा आणि २५ बाइटचं उत्तर, म्हणजे सुमारे ३५ मिलिसेकंद. त्यात उपकरणाला विचार करायला लागणारा वेळ धरला तर समजा ६०. १७ उपकरणांची एक फेरी साधारण एका सेकंदात व्हायला हवी. पण एखादा ड्राइव्ह सफाईसाठी बंद असेल, टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) १ सेकंदाचा असेल आणि पीएलसी तीनदा विचारत असेल, तर त्या एकट्यावर ३ सेकंद जातात आणि फेरी चार सेकंदांची होते. दोन बंद असले की सात. चांगल्या उपकरणांचे आकडे उशिरा येतात ते यामुळे. टाइमआउट २०० ते ३०० मिलिसेकंदांवर आणा, पुन्हा विचारणं एकदाच ठेवा, आणि न बोलणाऱ्या उपकरणाला दर फेरीत न विचारता अर्ध्या मिनिटाने विचारायची सोय प्रोग्रॅममध्ये करून घ्या.

प्रश्न : मी बारामती परिसरातल्या एका दूध शीतकरण केंद्रावर काम करते. डिप्लोमा होऊन वर्ष झालं. बल्क कूलरवर नवा तापमान ट्रान्समीटर बसवला. त्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर ४.२ दिसतं, पण एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) २.७१८ आणि पुढे ‘ई+२३’ असं काहीतरी येतं. सप्लायर म्हणतो ट्रान्समीटर परत पाठवा. त्याआधी ‘एक्सेप्शन ०२’ असा एररही येत होता, तो मी रजिस्टर नंबर एकाने कमी केल्यावर गेला. मी काही चुकीचं केलं का?

नाही, तू बरोबर केलंस, आणि ट्रान्समीटर अजिबात परत पाठवू नकोस. तो उत्तम चालला आहे.

आधी त्या एक्सेप्शनबद्दल. उपकरण ‘०२’ म्हणतं तेव्हा ते सांगत असतं की तुझी विचारणा मला पोचली, कळली, पण तू मागितलेला पत्ता माझ्याकडे नाही. म्हणजे वायर, बॉड रेट, पॅरिटी (तपासणीचा बिट), स्लेव्ह नंबर (लाइनवरचा उपकरणाचा पत्ता) सगळं जुळलेलं आहे. असा नकार आला की मी वायरिंगकडे बघणं सोडून मॅन्युअल उघडते. मॅन्युअलमध्ये होल्डिंग रजिस्टर ४०००१ पासून मोजतात, वायरीवर मात्र तोच रजिस्टर ० क्रमांकाने जातो. काही सॉफ्टवेअर हा एकाचा फरक स्वतः काढतात, काही तुमच्यावर सोडतात. त्यामुळे तू एकाने कमी केलंस ते योग्यच.

आता ती प्रचंड संख्या. मॉडबसचा एक रजिस्टर १६ बिटांचा, आणि दशांश असलेली संख्या ३२ बिटांची. म्हणून ती दोन रजिस्टरमध्ये विभागून येते. ४.२ चे दोन भाग होतात : १६५१८ आणि २६२१४. तुझ्या एचएमआयमध्ये दोन्ही रजिस्टर साध्या पूर्णांकात उघडून बघ. पहिल्यात २६२१४ आणि दुसऱ्यात १६५१८ च्या आसपासचे आकडे दिसतील. ट्रान्समीटर उजवा भाग आधी पाठवतो आहे आणि एचएमआय त्याला डावा समजून जोडते आहे. असं उलटं जोडलं की नेमकं २.७१८ गुणिले दहाचा तेविसावा घात येतं. मी हा हिशेब कागदावर करून पाहिला आणि तुझा आकडा तंतोतंत जुळला. टॅगच्या सेटिंगमध्ये ‘वर्ड स्वॅप’ किंवा ‘वर्ड ऑर्डर’ असा पर्याय असेल, तो बदल. ४.२ दिसेल.

ध्यानात ठेवण्यासारखी एक गोष्ट. तापमान बरोबर २५.० असतं तर त्याचे भाग १६८४० आणि ० झाले असते. ते उलटे जोडले तर स्क्रीनवर सरळ शून्य दिसतं. तेव्हा माणसाला वाटतं सेन्सरच मेला. म्हणून विचित्र आकडा असो वा शून्य, आधी कच्चे रजिस्टर बघायचे. सप्लायरला हे दोन आकडे लिहून पाठव. पहिल्याच नोकरीत कुणी ‘तुझ्यामुळे बिघडलं’ म्हटलं तर दाखवायला हाताशी आकडे असले पाहिजेत, म्हणून तुला हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न : चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मेंटेनन्स पाहतो. पीएलसी, दोन कॅमेरे, एचएमआय आणि बारकोड प्रिंटर इथरनेट स्विचवर आहेत. आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी साडेआठच्या सुमारास, एक कॅमेरा पीएलसीला ‘सापडेनासा’ होतो. लॅपटॉपवरून पिंग (‘आहेस का?’ अशी विचारणा) केलं तर उत्तर येतं! केबल आणि स्विच दोन्ही बदलले.

पिंगला उत्तर येतं, पण ते कुणाकडून येतं? पुढच्या वेळी फॉल्ट चालू असतानाच कॅमेऱ्याची केबल उपसा आणि त्याच पत्त्यावर पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आलं तर तोच आयपी अ‍ॅड्रेस घेतलेलं दुसरं कुणीतरी नेटवर्कवर बसलेलं आहे. लगेच कमांड विंडोमध्ये ‘एआरपी -ए’ (arp -a) टाइप करा आणि त्या आयपीसमोरचा मॅक अ‍ॅड्रेस लिहून घ्या. मॅक म्हणजे उपकरणाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक. त्याच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन निर्मात्याच्या असतात. कॅमेऱ्याच्या लेबलवरच्या जोड्यांशी ताडून पाहा. जुळल्या नाहीत तर त्या तीन जोड्यांवरून परका पाहुणा प्रिंटर आहे की लॅपटॉप, याचा अंदाज येतो.

वेळ ठरलेली आहे, म्हणून माझा संशय माणसाबरोबर येणाऱ्या वस्तूवर आहे. सकाळच्या शिफ्टला कोण लॅपटॉप लावतं? क्वालिटीवाले? बाहेरचा सर्व्हिस इंजिनिअर? एका कारखान्यात मला दोन दिवस शोधल्यावर सापडलं होतं ते असं : रिपोर्ट काढायला येणारा मुलगा लॅपटॉपला हाताने पत्ता द्यायचा, १९२.१६८.०.१०, कारण त्याला पहिल्या दिवशी कुणीतरी तसं शिकवलं होतं. बरीच उपकरणं कारखान्यातून १९२.१६८.०. किंवा १९२.१६८.१. अशाच पत्त्यांवर येतात, म्हणून अशी टक्कर वारंवार होते.

तोच पत्ता दुसऱ्या कुणाकडे निघाला नाही तर पुढे जा. लॅपटॉपवरून पिंग चालणं म्हणजे लॅपटॉप ते कॅमेरा हा रस्ता चालू आहे, एवढंच. पीएलसीचा सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कचे, हे ठरवणारा आकडा) वेगळा असेल तर पीएलसीला कॅमेरा दिसणार नाही. शिवाय पिंगला उत्तर देणारं उपकरण डेटाचं पोर्ट (त्या संवादासाठी ठरलेला क्रमांकाचा दरवाजा) नाकारू शकतं. मॉडबस टीसीपीचं ५०२, इथरनेट/आयपीचं ४४८१८. काही उपकरणं एका वेळी मोजकेच संवाद घेतात, आणि कुणी लॅपटॉपवर कॅमेऱ्याचा पडदा उघडून ठेवला की पीएलसीला जागा उरत नाही. साडेआठची वेळ बघता हेही तपासा.

वायरशार्क हे नेटवर्कवरचा संवाद टिपणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते वापरायला शिका. मात्र साध्या स्विचला लॅपटॉप जोडलात तर तुम्हाला पीएलसी आणि कॅमेऱ्यामधला संवाद दिसणार नाही. स्विच तो संवाद तुमच्या पोर्टवर पाठवतच नाही. त्यासाठी पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरचा संवाद दुसऱ्यावरही पाठवायची सोय) असलेला मॅनेज्ड स्विच लागतो. आणि आजच एक काम करा. प्रत्येक उपकरणाचं नाव, आयपी, मॅक आणि स्विचचा पोर्ट क्रमांक एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पेन बॉलपेन घ्या, जेलची शाई दमटपणात फुटते.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. मिल हाऊसला प्रोफिबस (उपकरणं जोडणारं औद्योगिक नेटवर्क) आहे. दरवर्षी हंगाम सुरू होताना पहिले आठ दिवस लिंक तुटत राहते, मग आपोआप ठीक होते. यंदा ते टाळायचं आहे.

‘आपोआप’ ठीक होत नसावी. पॅनेल तापतात आणि आतला ओलावा वाळतो, असं मला वाटतं. गळीत संपल्यापासून पॅनेल बंद, त्यातून अख्खा पावसाळा गेलेला. ग्लँडच्या फटीतून दमट हवा शिरते, टर्मिनलवर हिरवा थर चढतो, उंदीर प्रोफिबसची जांभळी केबल कुरतडतात. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निदान तीन आठवडे आधी पॅनेलचे हीटर चालू करा, कनेक्टर एकेक उघडून बघा आणि सगळ्या उपकरणांना सप्लाय देऊन नेटवर्क सलग दोन दिवस चालवून ठेवा. मोळी पडल्यावर हे काम करायला कुणी वेळ देत नाही.

कनेक्टरवरचा छोटा स्विच बघायला विसरू नका. तो फक्त दोन टोकांच्या कनेक्टरवर ‘ऑन’ हवा. मधल्या एखाद्यावर चुकून ऑन झाला तर बऱ्याच कनेक्टरमध्ये पुढे जाणारी केबल तिथेच तोडली जाते आणि त्यापुढची सगळी उपकरणं एकदम गायब होतात. याउलट, टोकाच्या उपकरणाचा सप्लाय गेला तर तिथलं टर्मिनेशनही निकामी होतं, कारण त्याला लागणारे ५ व्होल्ट ते उपकरणच देतं. ऑफ-सीझनच्या कामात टोकाचंच पॅनेल बंद ठेवलेलं असतं आणि मधले लोक केबल शोधत बसतात, हे मी दोन कारखान्यांत पाहिलं आहे.

वेगही बघा. १.५ एमबीपीएसला एका तुकड्याची लांबी २०० मीटरच चालते, १२ ला १००. केन कॅरियरपासून शेवटच्या मिलपर्यंत वळणं धरून केबल नेमकी किती भरते, हे यंदा एकदा टेपने मोजा आणि मला कळवा. २०० च्या वर निघाली तर वेग ५०० केबीपीएसवर आणून ४०० मीटर मिळतात, आणि मिल हाऊसच्या कामाला तेवढा वेग सहसा पुरतो.